फोन मुद्दाम स्लो करतात का? हा वाद नीट घालायचा कसा

मे महिना लागला, नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. कुणीतरी लिहितं, "अपडेट टाकलं आणि फोन मेला. या कंपन्या मुद्दाम करतात, नवीन घ्यायला लावतात." लगेच दुसऱ्याचं उत्तर येतं, "चार वर्षं वापरला ना भाऊ, आणखी किती चालणार?" तिसरा सांगतो की त्याच्या कंपनीत असलं काही होत नाही. मग आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले असे दोन पक्ष पडतात, कोण किती पैसेवाला यावर विषय जातो, आणि फोन खरंच स्लो झाला का, झाला तर कशानं, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांमध्ये गाडीनंतरची सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे फोन. पोरांचा अभ्यास त्यावर, बँक त्यावर, दुकानाचं पेमेंट त्यावर. तो दोन वर्षं आधी निकामी झाला तर घराच्या हिशेबात खड्डा पडतो. असं नुकसान कुणी करत असेल तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण "कंपनी चोर आहे" एवढं म्हणून कुठलीच कंपनी आजवर वठणीवर आलेली नाही. त्या वठणीवर आल्या त्या एखाद्या ठरावीक निर्णयाबद्दल पकडल्या गेल्यावर. कंपनीनं नेमकं काय केलं, ते मोजता येतं का, त्याचं कारण काय, आणि ग्राहकाला ते सांगितलं होतं का, या चार प्रश्नांवर वाद आला की त्याला धार येते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१७ सालचं आहे.

एका आलेखानं काय केलं

२०१६ च्या शेवटी आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांची तक्रार होती की बॅटरी ३० टक्के दाखवत असतानाच फोन एकदम बंद पडतो. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलनं आयओएस १०.२.१ हे आयफोनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट दिलं. महिनाभरानं सांगितलं की त्यामुळे ६एस अचानक बंद पडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी कमी झालं. ते कसं कमी झालं, हे मात्र सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये एका आयफोन ६एसवाल्यानं आपला अनुभव इंटरनेटवर टाकला. त्याचा फोन फार हळू झाला होता. त्यानं गीकबेंच नावाचं ॲप चालवलं. हे ॲप फोनला ठरावीक गणितं सोडवायला लावतं आणि वेगानुसार गुण देतं. गुण आले १४६६. मग त्यानं बॅटरी बदलली. फोन तोच, सॉफ्टवेअर तेच, फक्त बॅटरी नवी. गुण आले २५२६.

हा एका माणसाचा अनुभव झाला. त्यानं शंका येते, सिद्ध काही होत नाही. पण गीकबेंच बनवणारे जॉन पूल यांच्याकडे जगभरातल्या फोनांचे गुण साठलेले होते. त्यांनी १८ डिसेंबर २०१७ ला ६एसचे गुण अपडेटप्रमाणे वेगळे करून आलेख काढला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

फोन नुसते वयानं थकत असते तर आलेखात काय दिसलं असतं? कुणाचा थोडा हळू, कुणाचा जास्त, असे गुण सगळीकडे पसरलेले दिसले असते. प्रत्यक्षात जुन्या १०.२ वर एकच उंच टेकडी होती, म्हणजे जवळपास सगळे फोन पूर्ण वेगानं चालत होते. १०.२.१ नंतर त्या टेकडीच्या खालच्या बाजूला छोट्या-छोट्या वेगळ्या टेकड्या उगवल्या. पुढच्या ११.२ मध्ये त्या आणखी ठळक झाल्या. म्हणजे बरेच फोन काही ठरावीक वेगांवर येऊन थांबले होते. जुनेपणामुळे आलेली मंदी अशी पायऱ्यापायऱ्यांनी येत नाही. पायऱ्या कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये लिहिल्याशिवाय दिसत नाहीत.

दोन दिवसांत ॲपलनं कबूल केलं: बॅटरी जुनी झाली असेल तर फोनचा वेग आम्ही मर्यादित ठेवतो. २८ डिसेंबरला माफी मागितली, वॉरंटी संपलेल्या फोनच्या बॅटरीचा अमेरिकेतला दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर 'बॅटरी हेल्थ' हे पान फोनमध्ये आलं. आज आपण सेटिंगमध्ये जाऊन जो टक्का बघतो, तो या वादातून मिळालेला आहे.

ॲपल खोटं बोलत होतं का?

इथे दोन्ही बाजूंच्या लोकांना थोडं थांबावं लागतं, कारण ॲपलनं दिलेलं तांत्रिक कारण खरं होतं.

लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात दोन बदल होतात. तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा बदल लक्षात येत नाही: तिचा आतला विद्युतरोध वाढतो. जुन्या घरातला नळ आठवा. टाकी भरलेली असते, पण पाइपात क्षार साचलेले असतात. एक नळ सोडला तर पाणी बरं येतं, तीन नळ एकदम सोडले की धार बारीक होते. बॅटरीचंही तसंच. चार्ज शिल्लक असतो, पण कॅमेरा उघडताना किंवा गेम चालू करताना प्रोसेसर एकदम जास्त वीज मागतो, आणि त्या क्षणी व्होल्टेज खाली कोसळतं. ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की फोन बंद पडतो. प्रोसेसरचा वेग कमी केला तर त्याची मागणी कमी होते आणि फोन चालू राहतो.

म्हणजे "ॲपलनं जुने फोन मुद्दाम स्लो केले" या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. स्लो केले का? हो, मोजून सिद्ध झालं. नवीन फोन विकायला केले का? फोन बंद पडू नये म्हणून केले, असं कारण दिलं गेलं आणि ते विज्ञानाला धरून आहे. लपवून केले का? हो, आणि खरा दोष इथेच आहे. बॅटरी बदलली की फोन पहिल्यासारखा होतो हे ज्याला माहीत नाही, तो बिचारा नवा फोन घेतो. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात ॲपलनं ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं मान्य केलं.

फायदा आणि हेतू यांतला फरकही इथे नीट दिसतो. २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. त्यासाठी दिलेल्या कारणांत एक कारण असं होतं की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या. म्हणजे लोकांना बॅटरीचं माहीत नसणं कंपनीच्या फायद्याचं होतं, हे कंपनीच्याच पत्रातून कळलं. त्यावरून कंपनीनं त्याच हेतूनं केलं असं सिद्ध होत नाही. पण अशा कंपनीनं स्वतःहून सगळं सांगेपर्यंत वाट बघत बसू नये, एवढं नक्की सिद्ध होतं.

अँड्रॉइडवाल्यांनी यावर खूश होण्याचं कारण नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला दंड केला त्याच वेळी सॅमसंगलाही ५० लाख युरोचा दंड झाला. नव्या फोनसाठीचं अपडेट जुन्या गॅलेक्सी नोट ४ वाल्यांना टाकायला लावलं, हा आक्षेप होता. २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिकेत नेहमीच्या ॲपांचा वेग गुपचूप कमी केलेला सापडला. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ वर तेच निघालं. दोन्ही वेळा वेग मोजणारी ॲपं मात्र पूर्ण वेगानं चालत होती, म्हणून गीकबेंचनं हे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. वनप्लसनं बॅटरी वाचवणं आणि उष्णता कमी ठेवणं हे कारण दिलं, आणि तेही खोटं नव्हतं. प्रश्न पुन्हा तोच: विचारलं का, सांगितलं का, बंद करायचं बटण दिलं का?

नागपूरचं ऊन

आपल्याकडे या सगळ्यात एक गोष्ट वाढते, ती म्हणजे तापमान. ॲपल सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा आणि ३५ च्या वर बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. सॅमसंगच्या सूचनांमध्येही ० ते ३५ हाच पट्टा आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४३-४५ अंश ही बातमी नसते, रोजचं असतं.

सीताबर्डीच्या मोबाइल गल्लीत एका दुरुस्तीच्या काउंटरवर बघितलेलं सांगतो. पार्सल पोचवणारे एक काका आले होते. फोनची काच एका बाजूनं वर आलेली. दुकानातल्या पोरानं फोन गरम प्लेटवर ठेवला, कडेनं पातळ पट्टी फिरवून काच अलगद उचलली. खाली काळी बॅटरी उशीसारखी फुगलेली. त्यानं ती सपाट प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवली, कारण टोकदार काही लागलं तर पेट घेते.

"काका, फोन उन्हात राहते का तुमचा?"

"बाइकवर होल्डर आहे ना. मॅप लागते दिवसभर."

"आणि पॉवर बँकही लावून ठेवता?"

"मग काय करू, दुपारीच संपते ते."

"म्हणूनच फुगली पाहा. मॅप चालू, चार्जिंग चालू, वरून ऊन."

काका अपडेटला दोष देत आले होते. बॅटरीच्या आतलं रसायन उष्णतेनं आणि वयानं बिघडतं, त्यातून वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. हे अपडेटनं होत नाही. फुगलेली बॅटरी दिसली की चार्जिंग थांबवून ती लगेच काढून घ्यावी, दाबून काच बसवायचा प्रयत्न करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

पण म्हणून चूक सगळी काकांची, असं मी म्हणणार नाही. विदर्भात विकायला आणलेल्या फोनची वापराची मर्यादा ३५ अंश असेल, तर ती खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे? दुकानात फोन हातात देताना ती कुणी सांगतं का? दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्याला उन्हापासून फोन वाचवायचा सल्ला देणं सोपं आहे, पण त्याचं पोट त्या मॅपवर चालतं. या मुद्द्यावर कंपन्यांशी वाद घालण्यात अर्थ आहे, आणि तो नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या लोकांनी घालायला पाहिजे. बंगळुरूच्या हवेत बसणाऱ्याला तो सुचणार नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर आकड्यांबद्दलही बोलू. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली, फोटो फिरले. शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांचे आकडे त्याच्या कितीतरी खाली होते. हवामान खात्यानं स्पष्ट केलं की त्या केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता. ऊन भयंकर होतं हे खरं, ५६ हे खोटं. फोनच्या वादात एखाद्यानं एकाच ॲपचा एकच आकडा टाकला की मी हेच विचारतो: दुसऱ्या कशानं मोजलं का? फोन गार असताना पुन्हा मोजलं का? तापलेला फोन स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करतोच, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर काढलेले गुण आणि रात्री कूलरसमोर काढलेले गुण वेगळे येणारच.

हिरवी रेघ, आणि न दिसणारे फोन

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडण झालं ते हिरव्या रेघेवरून. अपडेट चढलं, फोन पुन्हा चालू झाला आणि स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी किंवा गुलाबी रेघ. ॲमोलेड पडद्याच्या फोनांमध्ये, विशेषतः वनप्लस आणि सॅमसंगच्या, अशा तक्रारी भारतातून भरपूर आल्या. डिस्प्लेचा खर्च ऐकून लोक हादरतात, आणि वॉरंटी बहुतेकांची संपलेली असते.

रेघ हा हार्डवेअरचा बिघाड आहे. पडदा आणि त्याला चालवणारी चिप यांच्यातली बारीक जोडणी कुठेतरी तुटते किंवा बिघडते आणि तेवढा उभा पट्टा हुकूम ऐकेनासा होतो. मग अपडेटचा संबंध काय? इथे थोडं गणित करावं लागतं. समजा, एका मॉडेलचे १०,००० फोन एका शहरात आहेत आणि वर्षभरात त्यातल्या २ टक्के फोनांचा डिस्प्ले असाही बिघडतो. म्हणजे वर्षाला २००, आठवड्याला साधारण चार. अपडेट सगळ्यांना एकाच सुमारास मिळतं. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत आठ जणांचे डिस्प्ले जातील, आणि ते आठही जण अगदी खरं सांगतील की "अपडेटनंतर गेला". उरलेले ९,९९२ काहीच लिहीत नाहीत. अपडेटमुळे झालं असं म्हणायला त्या दोन आठवड्यांत आठपेक्षा बरेच जास्त फोन बिघडलेले दाखवावे लागतील.

याचा अर्थ अपडेट निर्दोष असतं असाही नाही. अपडेट चढताना फोन बराच वेळ तापतो, आणि आधीच कमजोर झालेली जोडणी त्या उष्णतेत तुटू शकते. पण यातलं काय खरं हे ठरवायला दोन आकडे लागतात: किती फोन विकले आणि कोणत्या आठवड्यात किती परत आले. हे दोन्ही आकडे कंपनीकडे असतात, ग्राहकाकडे कधीच नसतात. म्हणून मी "अपडेटनंच झालं" म्हणणाऱ्याशी भांडत नाही, आणि "योगायोग आहे" असं म्हणून त्याला गप्प करणाऱ्याच्याही बाजूनं नाही. आकडे ज्याच्याकडे आहेत त्यानं ते मांडावेत.

लोकांनी एकत्र तक्रारी केल्या त्याचा परिणाम झाला. वनप्लसनं २०२३ मध्ये भारतातल्या काही जुन्या मॉडेलांच्या डिस्प्लेला आजीवन वॉरंटी दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हिरव्या रेघेसाठी ती आपल्या सगळ्या फोनांना लागू केली. कंपनीनं त्या वेळी सांगितलं की पडद्याच्या कडांमधून ओलावा आणि हवा आत जाऊ नये म्हणून नवा थर वापरतो आणि ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रतेत चाचणी करतो. जोडणीचा बिघाड आणि हवामान यांचा संबंध कंपनीनं किती गांभीर्यानं घेतला, हे त्यावरून कळतं. बर्डीतल्या दुकानात आजही पैसे भरून कॉपी डिस्प्ले बसवणारे लोक भेटतात, ज्यांना ही वॉरंटी आहे हेच माहीत नसतं.

दुरुस्ती कोणाची?

बाहेर डिस्प्ले बदलला की काही फोनवर "हा भाग ओळखता येत नाही" असा संदेश येतो. भागाचा क्रमांक फोनच्या मुख्य बोर्डाशी सॉफ्टवेअरनं जोडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या अस्सल आयफोनमधून काढलेला भागही नीट चालेलच असं नाही. कंपन्या यासाठी सुरक्षेचं कारण देतात. बोटाच्या ठशाचा सेन्सर बदलून कुणी फोन उघडू नये, हे कारण पटण्यासारखं आहे. पण २०१६ मध्ये 'एरर ५३' आला तेव्हा बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेटनंतर पूर्ण बंद पडले. ॲपलनं माफी मागून तोडगा काढला, आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०२१ मध्ये आयफोन १३ चा डिस्प्ले बाहेर बदलला की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडणं, बंद पडत होतं. ओरड झाल्यावर ॲपलनं तेही बदलायचं कबूल केलं. सुरक्षेसाठी अत्यावश्यक असतं तर बदलता आलं नसतं.

युरोपनं यावर नियमच केले. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमतेची असावी लागते, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, पण तिथे माहिती मिळते, सक्ती नाही. स्मार्टफोनला दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण द्यायची चर्चा चालू आहे. ते गुण खोक्यावर आले तर फोन निवडताना त्यांचा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा जास्त उपयोग होईल.

पैसा कुठून येतो

"माझी कंपनी बरी" म्हणण्याआधी ती पैसे कशातून कमावते ते बघावं. गूगलचं बहुतांश उत्पन्न जाहिरातींचं. ॲपलचं जवळपास निम्मं आयफोनचं. शाओमीनं एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं की हार्डवेअरवर निव्वळ नफा कधीच ५ टक्क्यांच्या वर घेणार नाही. चांगली गोष्ट आहे, फोन स्वस्त मिळाला. बाकीची कमाई इंटरनेट सेवांमधून करायची असं त्यांचं गणित आहे, म्हणून सेटिंग आणि फाइल मॅनेजरसारख्या ठिकाणी जाहिराती दिसतात. स्वस्त फोन आणि जाहिराती हा एकच व्यवहार आहे.

ॲपल खासगीपणाची जाहिरात करतं आणि बऱ्याच बाबतीत तो जपतंही. त्याच ॲपलला त्याच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल सर्च आधीपासून ठेवण्यासाठी गूगलनं २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं, आणि ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमध्ये गूगलनं बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला. आपल्या स्पर्धा आयोगानंही २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. त्यानंतर भारतातल्या फोन कंपन्यांना गूगलची ॲपं एकगठ्ठा घेण्याऐवजी सुटी घेण्याची मुभा मिळाली.

यूट्यूबवरच्या परीक्षणांनाही हाच प्रश्न विचारायचा. २० जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या सूचनांनुसार पैसे घेतले, फुकट फोन मिळाला किंवा सहल घडवली, तर ते ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फोन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकलेल्या व्हिडिओत बॅटरीच्या आयुष्याबद्दल काही कळूच शकत नाही, मग बोलणारा कितीही प्रामाणिक असो.

वाद संपल्यावर, तक्रार

ग्रुपवर लिहिलेलं कंपनी वाचत नाही. लिहायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे लिहावं. १९१५ या क्रमांकावर फोन केला तरी तक्रार घेतात, मराठीतही बोलता येतं. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली: कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, तुम्ही नागपुरात राहत असाल तर केस नागपुरात टाकता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तक्रारीत "फोन बकवास आहे" लिहू नका. "अमुक तारखेला घेतला, अमुक तारखेला अमुक आवृत्तीचं अपडेट टाकलं, दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर रेघ आली, सर्व्हिस सेंटरनं अमुक रक्कम सांगितली" असं लिहा. बिल आणि आयएमइआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, जोडा. सर्व्हिस सेंटरकडून जॉब शीट, म्हणजे फोन जमा केल्याची नोंद, मागून घ्या आणि फोन देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कारण आत पाणी गेलंय किंवा कोपरा ठेचलाय असं नंतर ऐकावं लागतं. दुरुस्ती नाकारली तर ती का नाकारली हे लेखी मागा. बाहेर डिस्प्ले बदलून घेतला असेल तर जुना फेकू नका, दुकानदाराकडून परत घेऊन ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत केस करता येते.